शेवटचे नऊ हात

लुआन बाओतिंग गेली पंचवीस वर्षं लोकांना माघार घ्यायला शिकवत होता, आणि या पंचवीस वर्षांत त्याने स्वतः कधी माघार घेतल्याचं लुओमा गावात कुणी पाहिलं नव्हतं.

गावच्या मुष्टिकलेचं नावच माघारमूठ. समोरचा पाऊलभर पुढे आला की आपण अर्धं पाऊल मागे. तो मारील तिथे आपण नसायचं, म्हणजे त्याचा जोर त्याच्याच अंगावर सांडतो. "नसणं ही ताकद आहे," बाओतिंग पट्ठ्यांना सांगे. "भरल्या रांजणात घागर ओतली तर पाणी बाहेरच जातं. आधी रिकामे व्हा." हे सांगताना तो तालमीच्या ऐन मधल्या फरशीवर उभा असे, आणि ती फरशी चुकून दुसऱ्या कुणाच्या पायाखाली आली तर त्या गड्याला तासभर घोडाबैठकीत काढावा लागे. गावात लग्न कुणाचंही असो, दाराकडे तोंड केलेली मानाची खुर्ची बाओतिंगची. एकदा तिच्यावर नवऱ्या मुलाचा मामा जाऊन बसला, तर बाओतिंग जेवण संपेपर्यंत त्याच्या पाठीशी उभा राहिला. मामाला काही घास उतरला नाही.

कलेला इतिहासही साजेसा होता. दोनशे वर्षांपूर्वी भर बर्फात एक ताओपंथी साधू गावात आला, तापाने फणफणला, गंग घराण्यातल्या एका भल्या माणसाने त्याला राळ्याची पेज पाजली, आणि बरा झाल्यावर साधूने पेजेच्या बदल्यात विद्या दिली आणि तो नाहीसा झाला. हेबेई प्रांतात ज्या ज्या गावात मूठ आहे त्या त्या गावात हा साधू येऊन गेलेला आहे. इतका हिंडणारा आणि इतक्या वेळा आजारी पडणारा साधू दुसरा झाला नसेल. पुढचा इतिहास मात्र खरा म्हणायला हरकत नाही. गंग घराण्यातले पुरुष व्यापाऱ्यांच्या गाड्यांबरोबर राखणदार म्हणून जात, आगगाडी आली तशी ती रोजी बुडाली, मग जत्रेत मूठ दाखवून दोन घास मिळत. पुढे जुनं ते सगळं वाईट ठरलं ती वर्षं आली. तेव्हा म्हाताऱ्या गंग वानछुन वस्तादांनी घराण्याची हस्तलिखित वही दुसऱ्या कुणी जाळायच्या आत स्वतःच चुलीत घातली, आणि गाढवाच्या गोठ्यात, चार पावलांच्या जागेत, बाओतिंगला आणि आणखी सोळा जणांना हळू आवाजात शिकवलं. गाढव मध्ये उभं असे. बाओतिंगचा दावा होता की माघार खरी शिकवली ती त्या गाढवाच्या लाथांनी.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माघारमुठीचे हात, म्हणजे ओळीने करायच्या हालचाली, एकूण बहात्तर. सुरुवात होते अंगणाच्या दारापाशी, दक्षिणेकडे तोंड करून, आणि बहात्तर हात करून झाले की पाय बरोबर त्याच विटेवर परत आले पाहिजेत. जिथून निघालात तिथे परत येणं, हीच कलेची पुरी विद्या. यातले त्रेसष्ट हात सगळ्यांना शिकवत. पण त्रेसष्ट झाले की माणूस पोहोचतो अंगणाच्या पार कोपऱ्यात, संडासाच्या भिंतीजवळ, दाराकडे पाठ करून. तिथून घरी आणणारे शेवटचे नऊ हात वस्ताद एकाच पट्ठ्याला देत, दार लावून, आपली वेळ जवळ आली असं वाटेल तेव्हा.

गंग वस्ताद बाओतिंगला म्हणायचे, "गहू निघाला की देतो." गहू निघे. मग म्हणायचे, "नवं वर्ष होऊ दे." अशी वीस नवी वर्षं झाली. बाओतिंग सतरांमधला पहिला, थोरला. त्याने वस्तादांच्या घरचं पाणी भरलं, छप्पर शाकारलं, आणि वीस वर्षांत वस्तादांच्या तोंडून शाबासकी म्हणून एकदाच "हं" ऐकलं. आणि एका हिवाळ्यात वस्तादांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मग ते खिडकीलगतच्या, खालून जाळ घालून तापवलेल्या ओट्यावर तीन वर्षं पडून राहिले.

दुसऱ्या वर्षी मूळपुरुषाच्या, म्हणजे कलेच्या आद्य गुरूच्या, पूजेच्या दिवशी सतराही पट्ठे अंगणात जमले आणि एकाने विचारलं, "थोरले, तुम्हाला नऊ हात मिळाले का?" बाओतिंग म्हणाला, "मिळाले." त्या एका शब्दाने तो घराण्याचा प्रमुख झाला. तो खोटं का बोलला, हे विचारून उपयोग नाही. वीस वर्षं पाणी भरलेल्या माणसाला संडासाच्या भिंतीशी उभं राहवलं नाही, इतकंच. त्या दिवशी हा प्रश्न निघणार याचा अंदाज त्याला होताच, म्हणून आधीचे तीन दिवस, तो राबत असे त्या वीटभट्टीच्या वाळवणाच्या मैदानात जाऊन त्याने नऊ हात स्वतःच जुळवले होते. ते त्याने सगळ्यांसमोर केले आणि त्याचे पाय बरोबर विटेवर आले. कुणाला शंका आली नाही. पुढच्या वर्षी वस्ताद गेले.

पुढे त्या नऊ हातांना बाओतिंगने बरंच सजवलं. जिल्ह्याच्या स्पर्धेत लोक उडीला टाळ्या वाजवतात असं दिसलं तेव्हा एक उडी घातली. मग दुसरी. एका निवृत्त शिक्षकाकडून पाच तत्त्वांचं तत्त्वज्ञान आणून प्रत्येक हाताला एकेक तत्त्व चिकटवलं. नऊ हात आणि तत्त्वं पाच, त्यामुळे चार तत्त्वं दोनदा आली. पट्ठ्यांना त्यातही काही खोल अर्थ दिसला.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि त्या वर्षीच्या वसंतात जिल्ह्याच्या संस्कृती केंद्रातून थान यिंग आली. चष्मा, पाठीला पिशवी, हातात वही. तालमीत येऊन तिने बाओतिंगच्या थोरल्या पट्ठ्याला, ट्रकदुरुस्तीवाल्या हानबोला, "वस्ताद तुम्हीच का?" असं विचारलं. ती मधल्या फरशीवर उभी होती, पण बाहेरची म्हणून बाओतिंगने ते पोटात घातलं.

"जुन्या कलांची यादी होते आहे," थान यिंग म्हणाली. "यादीत नाव लागलं की पाटी मिळते, आणि एका माणसाची वारसदार म्हणून नोंद होते. त्यासाठी शंभर वर्षांची गुरुपरंपरा दाखवावी लागेल. आणि कला अखंड हवी. तुकडे चालत नाहीत."

"अखंड आहे," बाओतिंग म्हणाला. "बहात्तरच्या बहात्तर."

"तेच तर. मला वाटलं होतं, पुरावा मिळणं अवघड जाईल. पण आत्ता येताना कोपऱ्यावर बुद्धिबळ खेळत बसले होते ना, गंग शूलिन, तुमच्या वस्तादांचे चिरंजीव, ते म्हणाले की शेवटचे नऊ हात त्यांच्या बायकोलाही येतात."

"कुणाच्या बायकोला?"

"त्यांच्याच. फेंगयुनताई, टोफू करतात त्या. सासऱ्यांनी आजारपणात शिकवले म्हणे."

हानबो हसला. "काहीतरीच. बाईमाणसाला घराण्याची मूठ शिकवतात का कुणी?"

"मुलीला नाही शिकवत," थान यिंगने वही चाळली. "मुलगी लग्न करून जाते, तिच्याबरोबर कला दुसऱ्याच्या घरी जाते. पण सून येते, आणि ती इथेच राहते. सुनेला शिकवलेलं चालतं. हे तुमच्याच गावच्या म्हाताऱ्यांनी मला सांगितलं." ती आनंदाने लालबुंद झाली होती. "एका वस्तादाकडून दोन वेगळ्या माणसांकडे उतरलेले तेच नऊ हात. याहून मोठा पुरावा कुठला? आठ तारखेला मी कॅमेरा घेऊन येते. दोघांचं शेजारी शेजारी चित्रण करू. सारखेच असतील ना?"

"एकाच वस्तादाचे," बाओतिंग म्हणाला, "वेगळे कसे असतील?"

ती गेल्यावर त्याने पट्ठ्यांना लवकर सोडलं आणि एकटा तालमीत बसून राहिला. भीती वाटली, हे कबूल करायला हवं. त्याचे हात बनावट होते. तिचे वस्तादांच्या हातचे, अस्सल. दोन्ही शेजारी ठेवले की शेंबड्या पोरालाही फरक कळला असता. साठी उलटल्यावर खोटारडा म्हणून गावातून हिंडायचं, चाळीस पट्ठ्यांच्या तोंडाकडे बघायचं, आणि लग्नात सगळ्यात मागच्या टेबलावर जेवायचं, हे त्याच्याने होणार नव्हतं. एकच वाट होती. आठ तारखेच्या आत तिचे हात आपल्याला आले पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी तो टोफूच्या कारखान्यात गेला. कारखाना म्हणजे एक लांबोळकी खोली, दोन कढया, लाकडी साचे आणि त्यांवर ठेवायचे दगड. फेंगयुन बावन्न वर्षांची, मनगटं मुगदरासारखी. ती उकळत्या सोयादुधावरची साय काठीने उचलत होती. तिने मान वळवली नाही.

"या थोरले भावजी. पंचवीस वर्षांनी वाट सापडली?"

"टोफू न्यायचा होता."

"टोफू तुमची सून रोज नेते. अर्धा किलो, घट्ट. आज आणखी काय?"

"अगं, ती जिल्ह्याची मुलगी आली होती," बाओतिंग स्टुलावर बसला. "म्हटलं, चित्रणाआधी आपण दोघांनी एकदा ताडून पाहावं. वय झालं की हाताला विसर पडतो."

"तुमच्या हाताला पडलाय?"

"तुझ्या पडला असेल म्हणून म्हणतो."

"माझ्या नाही पडला. रोज सकाळी दूध तापेपर्यंत करते मी. मग तुमच्यापाशी आहे ते तुमच्यापाशी, माझ्यापाशी आहे ते माझ्यापाशी. आठ तारखेला ताडून होईलच की."

त्रेसष्ट हातांत या जागी काय करायचं ते कुठे सांगितलेलं नव्हतं. फेंगयुनने साय दोरीवर वाळत घातली, हात पुसले आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"भावजी, तीन वर्षं मी त्या ओट्यापाशी होते. भरवणं, धुणं, कूस बदलणं, सगळं. तुम्ही दार लावून आत बसलात असं एकदाही झालं नाही. झटका यायच्या आधी दिले असते तर ते मला पुन्हा कशाला शिकवत बसले असते?"

"कुणाला बोललीस?"

"कशाला बोलू? टोफू विकणाऱ्या बाईने गावच्या वस्तादाला खोटं पाडलं तर टोफू जास्त खपतो का?" तिने कढईखालचा जाळ कमी केला. "शिकवीन मी तुम्हाला. पण सासऱ्यांची अट आहे. जो मागायला येईल त्याने गुडघे टेकायचे, डोकं जमिनीला लावायचं, चहा द्यायचा. लाल कागदावर लिहून द्यायचं. आणि घरचा एक साक्षीदार."

"मी तुझ्या सासऱ्यांपुढे गुडघे टेकलेत. तू तेव्हा परकर-पोलक्यात होतीस."

"ते त्रेसष्ट हातांसाठी."

बाओतिंग हाडाचा घराण्याचा माणूस. घराण्याच्या रिवाजातल्या सगळ्या फटी त्याला पाठ होत्या. "असं करू," तो म्हणाला. "गुरू वारले असले तर त्यांच्या वतीने कुणीतरी शिष्य करून घेतो. तशी पद्धत आहे. तू त्यांच्या वतीने मला घे. मी फोटोपुढे डोकं टेकवतो. म्हणजे आपण दोघं एकाच गुरूची भावंडं."

"मोठं कोण?"

"वयाने मी..."

"वयाने नाही हो, आधी दारातून आला तो मोठा. हे तुम्हीच त्या पोरांना ओरडून शिकवता, इथवर ऐकू येतं. नऊ हातांच्या दारातून मी आधी गेले."

"बरं. मी धाकटा भाऊ." हे म्हणताना त्याला जीभ घासून धुवावीशी वाटली.

"पण तीही सवलत नाही. सासऱ्यांनी खुणा करकरून बजावून ठेवलंय, तू वस्ताद, येईल तो पट्ठा. मधलं काही नको." ती साच्यात दूध ओतू लागली. "आणि मग तुमचे चाळीस पट्ठे माझे नातू लागतात. त्या हानबोला सांगा, आजीकडचे मागचे पैसे द्यायचे राहिलेत."

बाओतिंग उठून चालता झाला. टोफू न्यायचा राहिलाच.

चार दिवस त्याने सगळे उपाय करून पाहिले. आठ तारखेला ताप आणायचा विचार केला, पण थान यिंग नऊ तारखेलाही येऊ शकली असती. तिचे हात खोटे आहेत असं म्हणावं, तर घरातल्या सुनेला खोटी म्हणणं म्हणजे वस्तादांनाच खोटं म्हणणं. आपले नऊ हात पुन्हा करून पाहिले. त्या दोन उड्या, ती तत्त्वं. कधी नव्हे ते त्याला स्वतःला ते ओशाळवाणे वाटले. उडी मारून घरी कोण येतं? पाचव्या दिवशी सकाळी त्याने लाल कागद आणला, खाली नाव लिहिलं आणि बायकोला सांगितलं की टोफू आणायला जातो. बायको म्हणाली, "आणलाय." तो गेलाच.

साक्षीदार म्हणून गंग शूलिन आला. बापाची कुठलीही विद्या त्याला आली नव्हती, आणि त्याला त्याचं दुःखही नव्हतं. त्याच्या हातात बुद्धिबळाचा हत्ती होता. डाव मोडू नये म्हणून तो पटावरचा एक मोहरा बरोबर घेऊन फिरत असे. "लवकर आटपा," तो म्हणाला. "तिकडे माझा राजा उघडा पडलाय."

भिंतीवर वस्तादांचा फोटो होता. बाओतिंगने त्याच्यासमोर गुडघे टेकले, म्हणजे मनातल्या मनात हिशेब लागला की आपण फोटोपुढेच वाकतो आहोत. फेंगयुन येऊन फोटो झाकून उभी राहिली.

"त्यांच्यापुढे तू पूर्वीच वाकलास," ती म्हणाली.

त्याच्या कानात तो 'तू' गरम तेलासारखा गेला. आई गेल्यापासून त्याला कुणी एकेरी हाक मारली नव्हती. त्याने तीन वेळा डोकं जमिनीला लावलं. जमीन सोयादुधाने चिकट झाली होती. चहाचा पेला दोन्ही हातांनी वर धरला, तिने घोटभर घेतला, शूलिनने "पाहिलं मी" म्हटलं आणि तो राजा वाचवायला पळाला.

"ऊठ. बघ आता."

साच्यांच्या मधल्या वाटेत फेंगयुन उभी राहिली, दाराकडे पाठ करून. पहिला हात. दुसरा हात. बाओतिंग डोळ्यांत प्राण आणून पाहत होता. साधे होते, उडी नाही, फेक नाही, नुसतं अंग वळत होतं. खरं ते असंच असतं, त्याला वाटलं. आणि तिसऱ्या हाताला तिने तळवा उजव्या गुडघ्यावर ठेवला, त्यावर भार दिला आणि डाव्या टाचेवर सावकाश वळली.

बाओतिंगचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर गेला.

त्या वर्षी, वीटभट्टीवर, नऊ हात जुळवायच्या आदल्या दिवशी तो विटांनी भरलेल्या सायकलवरून पडला होता. उजवा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. त्या जागी खाली बसून पाय फिरवायचा असं त्याने ठरवलं होतं, पण बसताच येईना. म्हणून त्याने हात गुडघ्यावर टेकवला होता आणि कसाबसा दुसऱ्या टाचेवर वळला होता. पुढे गुडघा बरा झाला, त्या जागी उडी आली, आणि तो हात तो विसरून गेला होता.

चौथा, पाचवा, सहावा. सगळे त्याचेच होते. भट्टीच्या मैदानात वाळत घातलेल्या विटांच्या रांगांमधून जावं लागे म्हणून घेतलेलं ते तिरकं पाऊल. वारा तोंडावर येत होता म्हणून वळवलेला खांदा. त्याने पुढे ज्यातला एकेक हात बिघडवला, त्या नऊच्या नऊ हातांना या बाईने पंचवीस वर्षं दुधाच्या वाफेत जसंच्या तसं ठेवलं होतं. नवव्या हाताला तिचे पाय ज्या फरशीवर थांबले ती दाराची होती.

"कळलं?" फेंगयुन म्हणाली. "तुझ्या त्या उड्यांत आणि यात काय फरक आहे तो? हा गुडघ्यावरचा हात बघ. दुखावलेला माणूस दुखरी जागा लपवतो. इथे तिच्यावरच भार देऊन वळायचंय. दुखतं तिथूनच परत फिरायचं. असली गोष्ट कुणी बसून सुचवू शकत नाही. जन्म घालवलेल्या माणसाचं काम आहे ते."

बाओतिंग सांगणारच होता. माझं आहे ते. मी केलंय, तीन दिवसांत, दुखऱ्या पायाने. पण त्याने विचारलं ते वेगळंच.

"त्यांनी तुला... तुम्हाला कसं शिकवलं?"

"मूळपुरुषाचा दिवस होता. तुम्ही सगळे अंगणात. मी सतरा जणांचा स्वयंपाक करत चुलीपाशी. सकाळीच त्यांनी मला खिडकीची काच पुसायला लावली होती आणि दिवसभर काचेला नाक लावून पडले होते. तुम्ही गेल्यावर मी पेज घेऊन गेले, तर रडत होते. मला वाटलं, दुसरा झटका. तर डावा हात उचलून मला दाखवायला लागले. हे असं, हे असं. नऊ हात शिकवायला वर्ष लागलं. चुकलं की वाडगा आपटायचे. तोंडातून शब्द धड निघत नव्हता, पण एकच शब्द सारखा म्हणायचे. 'मिळालं.' मला वाटतं, 'आठवलं' म्हणायचं असेल."

"रडत का होते?"

"तुझं चुकलेलं बघून वाईट वाटलं असेल, दुसरं काय? म्हणूनच तर खरं ते मला दिलं."

बाओतिंग साच्याच्या कडेला टेकला. गहू निघाला की देतो. नवं वर्ष होऊ दे. ज्याच्या घरात स्वतःचं धान्य आहे तो दुसऱ्याच्या खळ्यावरचं उचलून आणत नाही. वस्तादांपाशी नऊ हात नव्हतेच. त्यांच्या वस्तादानेही त्यांना गव्हापर्यंत थांबवलं असेल आणि मरून गेला असेल. तो माणूस आयुष्यभर त्या संडासाच्या भिंतीशी उभा होता, कुणाला कळू न देता. आणि एक दिवस काचेतून त्याने आपल्या पट्ठ्याला दारापर्यंत परत येताना पाहिलं. वीस वर्षांत एक "हं" म्हणणाऱ्या म्हाताऱ्याने त्याचे नऊ हात डाव्या हाताने, वर्षभर, वाडगा आपटत जपून ठेवले होते. बाओतिंगला रडू आलं, आणि त्याने ते आवरलं नाही.

"आता रडून काय उपयोग," फेंगयुन म्हणाली, पण आवाज मऊ होता. "तेव्हा नीट शिकला असतास तर तुलाच दिले असते. चल, कर."

त्याने केलं. तिसऱ्या हाताला तिने काठीने त्याच्या कोपरावर टोचलं.

"हात नुसता ठेवू नको. भार दे. तू दुखल्याचं सोंग करतोयस."

"हो," बाओतिंग म्हणाला. तिचं बरोबर होतं.

आठ तारखेपर्यंत तो रोज गेला. त्याने टोपल्या उचलल्या, दगड ठेवले, शिव्या खाल्ल्या. सहा तारखेला थान यिंगने अर्जाचे कागद पाठवले. त्यात एक रकाना होता: शेवटचा भाग कुणाकडून मिळाला. बाओतिंग त्या रकान्यापुढे सकाळभर बसला. खरं लिहिलं तर माघारमूठ त्रेसष्ट हातांची तुटकी कला ठरणार, वरचे नऊ एका वीटभट्टीवाल्याने पंचवीस वर्षांपूर्वी जुळवलेले. यादीतून नाव जाणार. आणि वस्तादांनी जन्मभर कुणाला कळू दिलं नाही ते सगळ्या जिल्ह्याला कळणार. जुनं खोटं लिहिलं, तर तो अजून घराण्याचा प्रमुख. पण परवा त्याचे हात उड्या गाळून तिच्यासारखेच निघाले की लोक विचारणार, हे बदलले कसे, आणि त्या बाईपुढे डोकं कुणी टेकवलं ते शूलिन पटावर बसल्या बसल्या सांगून टाकणार. त्याने तिच्या माहेरच्या आडनावासकट लिहिलं: शिंग फेंगयुन यांच्याकडून. वारसदाराच्या रकान्यातही तेच नाव घातलं, कारण रिवाज म्हणजे रिवाज.

आठ तारखेला गंगांच्या जुन्या अंगणात सगळं गाव लोटलं होतं. बाओतिंगने पट्ठ्यांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "या तुमच्या आजी-वस्ताद. नमस्कार करा." चाळीस जण एकमेकांकडे पाहत वाकले. हानबो सगळ्यात उशिरा वाकला, आणि फेंगयुनने त्याला हळूच विचारलं, "अर्धा किलो की एक?"

आधी तिने नऊ हात केले. मग बाओतिंगने पुरे बहात्तर केले. दारापाशी निघाला, त्रेसष्टाव्या हाताला भिंतीपाशी पोहोचला, आणि तिथून, तळवा गुडघ्यावर दाबून, वळला. साठी उलटलेला गुडघा आता खरोखरच दुखत होता. त्याचे पाय विटेवर आले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण उडी नव्हती. मधल्या खुर्चीत फेंगयुनला बसवलं होतं. तो तिच्या डाव्या हाताला उभा राहिला.

थान यिंगने दोन्ही चित्रणं शेजारी शेजारी लावून पाहिली. तिचे डोळे चमकत होते.

"पावलागणिक एक आहे," ती म्हणाली. "आणि हा गुडघ्यावरचा हात. मी बत्तीस गावं फिरले, असं कुठेच नाही. कोण असेल हो तो माणूस, ज्याला हे सुचलं?"

"असेल कुणी तरी फार मोठा," फेंगयुन म्हणाली. "आता आपल्यात तसं कुणी होत नाही. काय रे?"

"नाही, वस्ताद," बाओतिंग म्हणाला. "होत नाही."